बशी उलटी करून बघणाऱ्यांचं गाव

परवा शेजारच्या गावात साखरपुड्याला गेलो होतो. चहा आला. हल्ली कागदी कपांचा जमाना आहे, पण या घरी जुन्या रीतीप्रमाणे कपबश्या काढल्या होत्या. चहा संपला आणि माझ्या हातानं सवयीनं बशी उलटी करून बुडाचा शिक्का बघितला. शेजारी बसलेले माजी सरपंच म्हणाले, "काय हो, बशीखाली आहेर चिकटवलाय का?" सगळे हसले, मीही हसलो. पण मंडळी, ही खोड मला ज्या गावात लागली, तिथं सगळेच असं करतात. हॉटेलात गेले की जेवण यायच्या आधी ताटली उलटी करतात, आपल्या गावची आहे का ते बघतात. आपल्या गावची निघाली तर त्यांना जेवण गोड लागतं. त्या गावाची गोष्ट आज सांगायची आहे.

गाव इंग्लंडातलं. नाव स्टोक-ऑन-ट्रेंट. लंडनच्या वायव्येला, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम यांच्या मधोमध, स्टॅफर्डशायर परगण्यात. आमचे अण्णा डॉक्टर होते. साठच्या दशकात आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर तिकडच्या सरकारी इस्पितळांत नोकरीला गेले, त्यात अण्णाही होते. 1966 साली, मी आठ वर्षांचा असताना, आईबरोबर मी तिथं पोचलो आणि 1984 साली चुलते गेल्यावर शेती बघायला परत आलो. म्हणजे माझं शहाणपण फुटायचं वय सगळं तिथं गेलं. "विलायतेत वाढलेला" असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं राणीचा वाडा असतो. माझ्या डोळ्यांपुढं काजळी धरलेल्या विटांच्या चाळी येतात.

स्टोक हे एक गाव नव्हेच. टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँग्टन अशी सहा गावं एका ओळीत. 1910 साली त्यांची एक नगरपालिका झाली आणि 1925 साली शहराचा दर्जा मिळाला. पण माणसं अजूनही आपापल्या गावची. बर्स्लेमच्या माणसाला लाँग्टनचा म्हणून बघा, लगेच दुरुस्त करील. अर्नोल्ड बेनेट नावाचा मोठा कादंबरीकार इथलाच. त्यानं आपल्या पुस्तकांत ही 'पाच गावं' केली आणि फेंटनला गाळून टाकलं. ती गोष्ट फेंटनकर अजून विसरलेले नाहीत. ग्रुप ग्रामपंचायतीत एखाद्या वाडीचं नाव राहून गेलं तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे!

या सहा गावांचा धंदा एकच. कुंभारकाम. आपल्याकडं कुंभारवाडा हा गावाचा एक कोपरा असतो, तिथं अख्खं शहर कुंभारवाडा. सगळ्या मुलखाला नावच 'पॉटरीज' असं पडलं. कप, बश्या, ताटल्या, चहाच्या किटल्या, फरशीच्या टाइल्स, संडासाची भांडीसुद्धा. साहेबाच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता म्हणतात ना, त्या राज्यात जिथं जिथं चहा प्यायला जायचा तिथं तिथं या गावचे कप होते. आपल्याकडच्या संस्थानिकांच्या वाड्यांत, कलेक्टरच्या बंगल्यांत हाच माल.

आता हा धंदा तिथंच का वाढला, हे शेतकऱ्याला चटकन कळेल. ऊस तोडल्यावर फार लांब नेता येत नाही, उतारा घटतो, म्हणून कारखाना उसाजवळ. इथं उलटा हिशेब. पांढरी माती स्टोकला नव्हतीच. ती कॉर्नवॉलहून, म्हणजे इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाहून यायची. दुसरी चिकट माती डेव्हन आणि डॉर्सेटची. गारगोटी समुद्रकाठची. स्टोकला होता तो कोळसा, आणि भट्ट्यांना लागणारी जाडीभरडी माती. भांडी भाजायला मातीच्या वजनाच्या कितीतरी पट कोळसा लागतो. म्हणून माती कोळशाकडं आली. सुरुवातीला माल घोड्यांच्या पाठीवर टोपल्यांतून जायचा. त्या वेळचे खड्ड्यांचे रस्ते आणि टोपलीत कपबश्या! किती फुटत असतील, विचार करा. जोसाया वेजवूड नावाच्या कुंभारानं हे ओळखलं. लहानपणी देवी येऊन अधू झालेला त्याचा पाय पुढं 1768 साली कापावा लागला, पण गडी थांबला नाही. त्यानं आणि इतर व्यापाऱ्यांनी मिळून कालवा काढायची खटपट केली, जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरनं तो आखला. 1766 साली पहिली कुदळ वेजवूडनंच मारली आणि 1777 साली दीडशे किलोमीटर लांबीचा ट्रेंट-मर्सी कालवा पुरा झाला. आपल्याकडं कालवा म्हटलं की पाणी शेतात. त्यांचा कालवा नावा चालवायला. माती नावेतून वर, कपबश्या नावेतून खाली, धक्का नाही की बुक्का नाही.

आमचं घर लाँग्टनला होतं. घराच्या मागं परसात आईनं मेथी लावायची ठरवली. खुरपं घातलं की खण्णकन आवाज. निळ्या नक्षीच्या ताटलीचा तुकडा. पुन्हा खुरपं, पुन्हा तुकडा. कपाचा कान, किटलीची चोच, बाहुलीचं डोकं. शेजारच्या बाईला आईनं खुणेनं विचारलं, हे काय? ती म्हणाली, "डक, इथं कुठंही खणा, हेच निघणार." दोनशे वर्षांची फुटकी भांडी त्या मातीत मिसळलेली. कारखान्यांनी टाकलेल्या फुटक्या मालाचे तर डोंगरच असायचे. माती काढून झालेल्या खाणी आणि हे डोंगर, आम्हा पोरांची खेळायची जागा हीच. गुडघे सोलून घरी यायचो, जखमेत मातीऐवजी काचेसारखी झिलई.

त्या 'डक'चं सांगायचं राहिलं. डक म्हणजे बदक. तिथली माणसं बाई असो, बाप्या असो, पोर असो, सगळ्यांना 'डक' म्हणतात. आपण 'बाळा', 'राजा' म्हणतो तसं. पहिल्या आठवड्यात आई घरी येऊन अण्णांना रागानं म्हणाली, "दुकानदार मला बदक म्हणतो." अण्णा पोट धरून हसले. आईनं आम्हाला शेजारच्या बाईला 'मावशी' म्हणायला शिकवलं होतं. तिला वाटलं, 'मावशी' हा आमच्या भाषेतला 'डक' आहे. ती मग आम्हालाच 'मावशी' म्हणायला लागली. मी आठ वर्षांचा मुलगा, आणि मला हाक 'मावशी'!

ही मावशी सोनं लावायची. म्हणजे कपाच्या काठावर जी सोनेरी रेघ असते ना, ती हातानं काढायची. चाकावर कप ठेवायचा, एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हातात कुंचला स्थिर. एक श्वास, एक रेघ. पंधराव्या वर्षी कामाला लागलेली. या गावात बायका मोठ्या संख्येनं कामाला, आणि हातकामात त्यांचा हात कुणी धरत नसे. टन्स्टॉलची क्लॅरिस क्लिफ तेराव्या वर्षी कारखान्यात शिकाऊ म्हणून लागली आणि पुढं तिच्या नावानं भांडी विकली गेली. पण सगळ्याजणींचं नाव झालं नाही. मावशी म्हणायची, बशीखाली कारखान्याचा शिक्का असतो, पण रंगवणारी आपली छोटीशी खूणही करून ठेवते. एखादा ठिपका, एखादी रेघ. "लंडनच्या बाईला ती दिसत नाही. मला दिसते." बशी उलटी करायची खोड मला तिनंच लावली.

मावशीचा नवरा भट्टीवरचा. आम्ही त्याला काका म्हणायचो. त्याचं काम समजून घ्या, कारण गोष्टीचा गाभा तिथं आहे. भट्टी म्हणजे बाटलीच्या आकाराची विटांची इमारत, काही तर साठ-सत्तर फूट उंच. पूर्वी या सहा गावांत अशा दोन हजारांच्या आसपास बाटल्या होत्या. भांडी उघडी भाजली तर धुरानं काळी पडतात. म्हणून जाड मातीच्या पेट्यांत, त्यांना 'सॅगर' म्हणतात, भांडी रचायची आणि पेट्यांची चळत भट्टीत लावायची. भरलेली पेटी डोक्यावर घेऊन शिडी चढायची. डोक्याला काय, तर जुने पायमोजे गुंडाळून केलेली चुंबळ! काकानं मला ती दाखवली तेव्हा मला आमची पाणी आणणारी आत्या आठवली. जगाच्या पाठीवर ओझं डोक्यावर घेणाऱ्याला चुंबळच लागते.

भट्टी भरली की दार विटांनी चिणायचं आणि भोवतीच्या तोंडांतून कोळसा घालायचा. एका भाजणीला दहा-पंधरा टन कोळसा. दोन-तीन दिवस जाळ, मग निवायला तितकेच. जाळावरचा मुख्य माणूस तितके दिवस घरी जात नसे. कमी भाजलं तर माल कच्चा, जास्त भाजलं तर वेडावाकडा, आणि हजारो भांड्यांचा हिशेब त्याच्या नजरेवर. मालक निवायची वाट बघू देत नसत. आत धग असतानाच ओल्या फडक्यांनी अंग झाकून गडी पेट्या बाहेर काढत.

मी पोचलो तेव्हा बाटल्या जवळजवळ सगळ्या थंड पडल्या होत्या. 1956 साली इंग्लंडात स्वच्छ हवेचा कायदा झाला, गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्या आल्या. त्याआधी म्हणे दुपारी दिवे लावावे लागत. वर्षातून एकदा कारखान्यांना सुट्ट्या लागल्या की लोकांना समोरची टेकडी दिसायची. मावशी म्हणायची, "धुणं वाळत घातलं की धुतल्यापेक्षा मळकट होऊन परत यायचं, पण धूर नसला की आम्हाला धास्ती वाटायची. धूर नाही म्हणजे पगार नाही." हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं.

अण्णा छातीच्या विकारांच्या विभागात होते. त्यांच्याकडं येणारे रोगी म्हणजे खाणीतले आणि भांड्यांच्या कारखान्यांतले. गारगोटी भाजून दळून मातीत मिसळतात, त्यानं भांडं पांढरं आणि कणखर होतं. ही पूड भांड्यांच्या मध्ये भरायलाही वापरत. ती वाऱ्यावर उडते, नाकातोंडातून फुप्फुसात जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. 'पॉटर्स रॉट' असं तिथं म्हणत. डॉक्टरी नाव सिलिकोसिस. 1947 साली नियम होऊन ती पूड भट्टीच्या कामात वापरायला बंदी आली, पण काका चौदाव्या वर्षी, 1939 साली कामाला लागलेला. आठ वर्षं त्यानं ती खाल्ली होती. रात्री भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू यायचा. अण्णा पुस्तक वाचता वाचता थांबायचे.

काकानं भरपाईचा अर्ज केला. अण्णांनी फोटो बघून स्पष्ट लिहून दिलं की ही धूळच आहे. पण निर्णय करणारी समिती वेगळी. तिथं माणसाचं फुप्फुस किती निकामी झालं ते टक्क्यांत ठरवतात. आपल्याकडं पिकाची आणेवारी लावतात तशी समजा. शेतात काहीच उरलेलं नाही हे शेतकऱ्याला दिसतं आणि कागदावर आणेवारी साठ पैसे लागते, तसंच. काका सिगारेट ओढायचा, ते समितीनं पुढं केलं. टक्के थोडे धरले. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. आपल्याकडं खडी क्रशरवर, दगडखाणीत जी पोरं तोंडाला फडकंही न बांधता काम करतात, त्यांच्याकडं बघितलं की मला तो खोकला ऐकू येतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीत क्रशर असेल तर एकदा पाणी मारतात का ते बघून या, एवढंच म्हणतो.

1978 सालच्या ऑगस्टची गोष्ट. ग्लॅडस्टन नावाचा एक बंद पडलेला कारखाना लोकांनी पाडू न देता त्याचं संग्रहालय केलं होतं. आमच्या लाँग्टनलाच. त्या लोकांनी ठरवलं की जुनी विद्या माहीत असलेली माणसं हयात आहेत तोवर एक शेवटची बाटली-भट्टी पेटवायची. खास परवानगी काढली आणि हडसन अँड मिडलटन यांच्या कारखान्यातली भट्टी भरली. म्हातारे गडी पुन्हा बोलावले. काकाला बोलावणं नव्हतं, कारण त्याला दहा पावलं चालली की दम लागायचा. तो मला म्हणाला, "चल डक, बघून येऊ." मी वीस वर्षांचा होतो. एरवी पंधरा मिनिटांची वाट, आम्हाला पाऊण तास लागला. दर भिंतीशी थांबायचो.

बाटलीच्या तोंडातून काळा धूर निघत होता. रस्त्यावर ही गर्दी! म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून बसलेल्या, पोरं खांद्यांवर. ज्या धुरानं यांची धुणी आणि फुप्फुसं काळी केली, तो धूर बघायला लोक जत्रेसारखे जमले होते. काका भिंतीला टेकून बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. तो म्हणाला, "डावीकडच्या तोंडात कोळसा जास्त घातलाय. धूर बघ." आणि मग हातातली छत्री उचलून ओळखीच्या कुणाला तरी हाका मारायला लागला, पण आवाज पोचेना. मी पळत जाऊन निरोप दिला. त्या माणसानं वर धुराकडं बघितलं, मान हलवली आणि आत गेला. पुढच्या वर्षी हिवाळ्यात काका वारला.

थोडी हलकी गोष्ट सांगतो. तिथली उत्तम क्रॉकरी 'बोन चायना' म्हणून ओळखली जाते. स्टोकच्या स्पोड घराण्यानं अठराव्या शतकाच्या अखेरीस ती कृती बसवली. बोन म्हणजे हाड. गुरांची हाडं भाजून त्यांची राख निम्म्याच्या आसपास मिसळतात, म्हणून कप इतका पातळ होतो की उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसतात. 1971 साली सुट्टीत गावी आलो तेव्हा मावशीनं आजीसाठी सहा कपांचा संच दिला होता, रेघा तिच्याच हातच्या. आजी माळकरी. तिनं कौतुकानं विचारलं, "कशाचा केलाय रं?" अण्णांचा स्वभाव खरं सांगायचा. आजीनं कप खाली ठेवला. "बेंदराला ज्याच्या शिंगांना रंग लावायचा, त्याच्या हाडातनं च्या प्यायचा?" संच माडीवर गेला. पण टाकून दिला नाही हं! तालुक्याचे साहेब आले की त्यांना त्यातच चहा. साहेबांना कुणी सांगितलं नाही.

खाण्याचंही सांगायला हवं. तिथं ओटकेक नावाचा प्रकार आहे, ओटच्या पिठाचा, थेट आपल्या घावन्यासारखा. हॅन्लीला एका चाळीतल्या घराच्या खिडकीतून तो विकायचे, 'होल इन द वॉल' नावाचं दुकान. रविवारी सकाळी रांग. तिथले लोक आत चीज आणि डुकराचं मांस घालतात, आई लसणाची चटणी घालायची. मावशीनं एकदा चव घेतली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि दर रविवारी चटणी मागायला लागली. ती खिडकी 2012 साली बंद झाली.

आता धंदा कसा बसला ते. एका दिवसात काही झालं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत मोठ्या कंपन्यांनी लहान कारखाने विकत घेतले, शिक्के एका छपराखाली आले. शेल्टन बारचा पोलादाचा कारखाना थंडावला, 1978 साली तिथलं पोलाद ओतणं थांबलं. 1986 साली त्या जागेवर राष्ट्रीय उद्यान महोत्सव भरवला, फुलं लावली, नंतर तिथं दुकानं झाली. कोळशाच्या खाणी एकेक मिटल्या, आजूबाजूची शेवटची सिल्व्हरडेलची खाण 1998 साली. कपबश्यांचं मरण मात्र वेगळं. लोकांनी लग्नात चोवीस नगांचा संच द्यायचं सोडलं. पूर्वेकडून स्वस्त माल आला. मग मालकांनीच पांढरा कच्चा माल बाहेरून आणायला आणि इथं फक्त नक्षी लावायला सुरुवात केली, आणि पुढं नक्षीही तिकडंच.

मावशीची मुलगी माझ्याच वयाची, सोळाव्या वर्षी नक्षीचे कागद चिकटवायच्या कामाला लागली होती. चौतीस वर्षं तिनं ते केलं. 2008 साली तिच्या कारखान्यात साचे खोक्यांत भरायचं काम निघालं. साचे परदेशी जाणार होते. भरायला हीच माणसं. ती मला म्हणाली, "मी खोकी नीट भरली. कान तुटला असता तर वाईट वाटलं असतं." ते काम संपलं त्या आठवड्यात तिचंही काम संपलं. आता एका मोठ्या गोदामात पार्सलं उचलते.

बर्स्लेममधला रॉयल डल्टनचा नाइल स्ट्रीटचा कारखाना 2005 साली बंद झाला. स्पोड 2008 साली दिवाळखोरीत, वेजवूड 2009 च्या जानेवारीत. वेजवूडचा नावलौकिक दुसऱ्यांनी घेऊन चालवला आणि त्यांचा जुना संग्रह 2014 साली वर्गणी काढून वाचवला, तो भाग निराळा. हॉटेलांची भांडी करणारा डडसन 2019 साली गेला. जॉन्सन टाइल्सनं 2024 साली तिथलं उत्पादन थांबवलं. हे नाव तुम्हाला ओळखीचं वाटेल. याच स्टोकच्या जॉन्सनच्या भागीदारीतून 1958 साली आपल्याकडं जॉन्सन टाइल्स सुरू झाल्या. आपल्या बाथरूमच्या भिंतीवरची कंपनी चालू आणि तिच्या आईच्या घरची भट्टी विझलेली! गॅसचे दर 2022 नंतर असे भडकले की तग धरून असलेल्यांचेही पाय लटपटले. 2025 साली रॉयल स्टॅफर्ड गेलं. मूरक्रॉफ्टही त्याच वर्षी बंद झालं, पण संस्थापकाच्या नातवानं ते विकत घेऊन पुन्हा उघडलं.

सगळं संपलं असं मात्र म्हणू नका. मिडलपोर्टचा 1888 सालचा कारखाना दुरुस्त करून चालवलाय. एमा ब्रिजवॉटर नावाच्या बाईंनी हॅन्लीच्या जुन्या कारखान्यात मग आणि थाळ्यांचा धंदा उभा केला. चर्चिल, स्टीलाइट यांची हॉटेलांची भांडी अजून निघतात. कधीकाळी पन्नास हजारांवर हात राबायचे तिथं आता काही हजार, इतकंच. दोन हजार बाटल्यांपैकी पन्नासाहून कमी उभ्या आहेत, त्या पाडायला कायद्यानं बंदी आहे. ग्रामसेवक मंडळींसाठी एक माहिती: तिथल्या पालिकेनं 2013 साली ओस पडलेली तीसेक घरं एकेका पौंडाला लोकांना दिली, वर दुरुस्तीला कर्ज दिलं, अट एवढीच की तिथंच राहायचं. आपल्याकडं कुलूप लावून पुण्यामुंबईला गेलेल्यांची घरं गावोगाव पडतायत. पौंडाची योजना आपल्याकडं चालेल असं मला वाटत नाही, सातबारावर नावंच सतरा असतात. पण बघण्यासारखी आहे.

आपल्याकडं कऱ्हाड स्टेशनाजवळच्या ओगलेवाडीची आठवण ज्यांना आहे, त्यांना मी काय म्हणतोय ते न सांगता कळेल. ओगल्यांच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील एके काळी घरोघरी होता. आमच्या गोठ्यात होता. आता कंदील माळ्यावर आहे, काच फुटलेली, आणि ती काच कुठं मिळत नाही.

2017 साली मी स्टोकला शेवटचा जाऊन आलो. मावशी एक्क्याऐंशी वर्षांची. हात थरथरत होता. चहा केला, ओटकेक केले, चटणी मी नेली होती. भिंतीला लागून काचेचं कपाट, त्यात तिच्या हातचे कप. मी एक कप काढून उलटा केला, तिची खूण शोधली, दोन बारीक ठिपके. ती म्हणाली, "तो नको, तो दुसऱ्या प्रतीचा आहे, रेघ जरा हललीय." मला रेघ सरळच दिसत होती. परत निघताना परसात गेलो. आईची मेथीची वाफ होती तिथं आता गवत. बोटानं माती उकरली, निळ्या नक्षीचा तुकडा निघाला. तो खिशात घालून आणला.

गेल्या संक्रांतीला सुगडं आणायला आमच्या गावच्या कुंभाराकडं गेलो तेव्हा तो तुकडा बरोबर नेला. म्हातारा सत्तरीपुढचा. पोरं एमआयडीसीत. वर्षातून चार सणांपुरतं चाक फिरतं, एरवी वर पोतं टाकलेलं. त्यानं तुकडा घेतला, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला, कडेला जीभ लावली, उन्हात धरला. मी त्याला बाटलीएवढी भट्टी, दहा टन कोळसा, तीन दिवसांचा जाळ, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणि जाळावरचा माणूस तीन दिस झोपायचा न्हाई म्हणता?"

"नाही."

"आवा लावला की मीबी न्हाई झोपत," तो म्हणाला, आणि तुकडा मला परत देऊन सुगडं कागदात बांधायला लागला.